निळ्याचे तीन हात

हातात ब्रश असला की मला दुसऱ्याचं चित्र अपुरं दिसतं. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्याचा हा परिणाम. मुलाने झाड काढलं की त्याच्या खांद्यावरून वाकून मी बुंध्याला सावली देणार, घर काढलं की छपराची वाकडी रेघ सरळ करणार. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. प्रदर्शनात तीस मुलांची तीस चित्रं एकाच बाईने काढल्यासारखी दिसायची, कारण बरीचशी एकाच बाईने काढलेली असायची. याचं मला कधी काही वाटलं नाही. उलट मी स्वतःला फार कष्टाळू शिक्षिका समजत होते.

निवृत्त झाले तशी फादरांनी मला रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जुंपलं. आम्हा कॅथलिकांत मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याचं प्रथम कम्युनियन होतं, म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, त्याला पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारता येतं. त्याआधी वर्षभर हा वर्ग. भिवंडीत आम्ही मूठभर, त्यामुळे वर्गात मुलं नऊ आणि खोली एक, चर्चच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. इथे लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारची असते, रविवारी सगळे कारखाने चालू. तेव्हा आमच्या प्रार्थनेला शेजारच्या लूमची खटखट कायमची साथीला. नवीन माणूस आला की तो दचकतो. आम्हाला ती बंद पडली की दचकायला होतं.

शिकवायच्या सगळ्या धड्यांत मला घाम फोडणारा धडा एकच, पवित्र त्रैक्याचा. देव एक, आणि त्या एका देवात तीन व्यक्ती: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तिघे म्हणजे तीन देव नव्हेत, आणि एकाच देवाने घेतलेली तीन सोंगंही नव्हेत. मोठ्या पंडितांनी यावर हात टेकले, तिथे मी ड्रॉइंगवाली बाई काय करणार? आधी मी पाणी, बर्फ आणि वाफ सांगून मोकळी झाले. दारात उभ्या असलेल्या फादरांनी ते ऐकलं आणि वर्ग सुटल्यावर सौम्यपणे म्हणाले की टीचर, ही चूक फार जुनी आहे, एकच पाणी कधी हे रूप घेतं, कधी ते, देवाचं तसं नाही. मग मी संत्र्यावर आले, साल, फोड आणि बी. तर ते म्हणाले, आता तुम्ही देवाचे तुकडे केलेत.

फादर तरुण, अभ्यासू आणि वेळेचे पक्के. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बोलायची त्यांना सवय होती. मला त्यांचा राग यायचा, आणि ते बरोबर आहेत हे कळायचं म्हणून जास्तच यायचा.

बर्फाच्या धड्याचं फळ मला वर्षभर पुरलं. वर्गातला सर्वांत आगाऊ मुलगा, ज्याचे वडील जवळच्या काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहेत, त्याने हात वर करून विचारलं होतं की टीचर, म्हणजे देव तीन शिफ्टमध्ये ड्युटी करतो का? फर्स्टला पिता, सेकंडला पुत्र आणि नाइटला पवित्र आत्मा? वर्ग हसला, मीही हसले. हसता हसता लक्षात आलं की मी हेच तर शिकवलं होतं.

त्याच वर्गात एक मुलगी होती, रंगाऱ्याची. बाप काल्हेरच्या नव्या इमारतींना रंग मारतो, आई चार घरचा स्वयंपाक करते. ती दहा वर्षांची, म्हणजे वर्गात सगळ्यांत मोठी, कारण आदल्या वर्षी तिला मागे ठेवलं होतं. ती बोलताना अडखळायची. सगळ्याच शब्दांना नाही, पण ‘प’ आला की ओठ मिटायचे, डोळे मिटायचे, मानेची शीर तट्ट फुगायची आणि शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. आता आमची सगळ्यांत पहिली प्रार्थना, जी क्रुसाची खूण करताना, म्हणजे कपाळ, छाती आणि खांद्यांना बोटं लावत, म्हणतात, ती अशी: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तीन व्यक्ती आणि तिघांचीही सुरुवात ‘प’नेच. प्रथम कम्युनियनच्या आधी फादर प्रत्येक मुलाची तोंडी परीक्षा घेतात. आदल्या वर्षी ती कपाळावर बोटं ठेवून उभी राहिली ती उभीच राहिली. मुलं फिदीफिदी हसली, फादरांनी घड्याळ पाहिलं, आणि शेवटी पुढच्या वर्षी बघू असं ठरलं.

या वर्षी तिची आई मला मिस्सेनंतर बाजूला घेऊन म्हणाली होती की पोरगी हट्टाला पेटलीय, या वेळी पण मागे राहिले तर चर्चची पायरी चढणार नाही म्हणते. आईला ती धमकी वाटत होती. मला वाटली नाही. दहा वर्षांच्या पोरीला आठ वर्षांच्या मुलांत बसवायचं आणि वर तिला हसू द्यायचं, मग तिने का यावं?

मी फादरांकडे गेले आणि सरळ सांगितलं की यंदा त्रैक्याची परीक्षा चित्रावर घ्या. प्रत्येक मूल एक चित्र काढेल, तुम्ही त्यावर विचाराल, मूल बोट दाखवून का होईना, उत्तर देईल. ते म्हणाले की ती एक वर्ष थांबली तर बिघडतं कुठे? मी म्हटलं, तुमचं काही बिघडत नाही. हे जरा जास्तच झालं, पण लागू पडलं. चित्र चालेल, ते म्हणाले, मात्र मुलाला आपण काय काढलं ते कळलेलं असलं पाहिजे.

शिफ्टवाल्या मुलाच्या वडिलांनी गोडाऊनमधून खोक्यांचे जाड पुठ्ठे आणून दिले. मी पोस्टर कलर आणले, प्रत्येकाला एक पुठ्ठा दिला आणि सांगितलं की पवित्र त्रैक्य तुम्हाला जसं समजलं तसं काढा. पहिल्याच रविवारी आठ जणांची चित्रं जवळपास झाली. दाढीवाले आजोबा, क्रुसावरचा येशू आणि वर एक पक्षी, कारण पवित्र आत्मा कबुतराच्या रूपात उतरला असं आम्ही शिकवतो. एकाचं कबुतर तर पायात कडं घातलेलं होतं. त्याचा शेजारी गच्चीवर कबुतरं पाळतो, त्याला कड्याशिवाय कबुतर ठाऊकच नव्हतं. मी सवयीप्रमाणे सहा चित्रांवर हात फिरवला. आजोबांच्या दाढ्या सारख्या केल्या, ते कडंही पुसलं.

रंगाऱ्याच्या मुलीने फक्त निळा रंग घेतला. अख्खा पुठ्ठा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश निळा केला आणि वाळायला ठेवून दिला. मला वाटलं, आकाश करतेय, बरं आहे. दुसऱ्या रविवारी तिने पुन्हा निळाच घेतला आणि त्याच पुठ्ठ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा मारला. मी म्हटलं, बाळा, आकाश झालं, आता पुढे सरक. तिने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. तिसऱ्या रविवारी परत तेच. परीक्षा येत्या शनिवारी होती. हिच्या पुठ्ठ्यावर ना पिता, ना पुत्र, ना आत्मा. एवढंच नाही, डाव्या कडेला तिला रंग नीट भिडवतासुद्धा आला नव्हता, तिथे फिक्या-गडद तीन पट्ट्या राहिल्या होत्या.

मुलं चहा-बिस्किटांना खाली गेली आणि मी ब्रश उचलला. पाच मिनिटांचं काम होतं. निळ्यावर पांढऱ्या रंगात एक सुबक त्रिकोण, त्याच्या मधोमध पंख पसरलेलं कबुतर. हाताची सफाई अजून गेलेली नाही, असं मनाशी म्हणत मी ते जरा लांबून पाहिलंही. चित्र सुरेख झालं होतं. फादर त्रिकोणाबद्दल विचारतील, ती तीन कोनांना बोट लावेल, पास होईल, असा माझा सगळा हिशेब होता.

ती वर आली, चित्रासमोर उभी राहिली. मी विचारलं, छान झालं ना? ती काहीतरी बोलायला गेली, ओठ मिटले, आणि मग तिने तो नाद सोडला. हात पाठीमागे बांधून खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. लाजली असेल, असं मला वाटलं. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतंच.

त्या खिडकीतून चर्चचं मागचं दार दिसतं. फादर मिस्सेला त्याच दारातून येतात. दार उन्हाने पार सुकलं होतं, आणि प्रथम कम्युनियनच्या आधी ते रंगवून द्यायचं त्या मुलीच्या बापाने कबूल केलं होतं. मजुरी घेणार नाही म्हणाला, पण आठवडाभर काल्हेरला काम, त्यामुळे येणार फक्त रविवारी. त्या दिवशी त्याचा तिसरा रविवार होता. गेले तीन रविवार मीही त्या खिडकीतून त्याला बघत होते.

काम आटोपून, हात टर्पेंटाइनने पुसत तो लेकीचं चित्र बघायला वर आला. मी चित्रं दोरीला चिमट्याने टांगत होते. तो निळ्या पुठ्ठ्यापाशी थांबला.

"टीचर, ह्याच्यावर पांढरं कोनी मारलं?"

"मी," मी म्हटलं. "त्यावर काहीच नव्हतं."

"काही नव्हतं कसं? तीन हात व्हते."

रंगारी रंगाच्या एका थराला हात म्हणतात, हे मला काय माहीत नव्हतं? घराला रंग मारून घेताना मी स्वतः दोन हात की तीन यावरून घासाघीस केली आहे. तो अगदी शांतपणे मला सांगू लागला की पोरीने त्याला पहिल्या रविवारीच विचारलं होतं, बाबा, सुरुवातीचा हात दाराच्या कुठल्या भागाला असतो? तो म्हणाला, सगळ्या दाराला. आणि दुसरा? सगळ्या दाराला. तिसरा? तोही. मग तिने विचारलं, म्हणजे तीन दारं झाली का? त्यावर तो हसला होता. दार एकच, रंग एकच, म्हणाला होता. त्या रात्री तिने आईला सांगितलं की टीचरचं मला समजलं.

मी पुठ्ठ्याची डावी कड पाहिली. बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या, एक हात, दोन हात, तीन हात. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुन्यावर रंगारी ठेवतात तशा मुद्दाम ठेवलेल्या. अख्ख्या वर्गात धडा जिला कळला होता, तिच्याच चित्रावर मी कबुतर बसवलं होतं. मला इतकी लाज वाटली की दोरी हातात धरून मी नुसती उभी राहिले.

एवढ्या वर्षांत मी कुठल्याही मुलाची माफी मागितली नव्हती. ती एव्हाना खाली जाऊन बदामाच्या झाडाखाली बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं की माझं चुकलं, मी तुझं चित्र खराब केलं, तुला विचारायला हवं होतं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, बहुधा खात्री करून घेत असावी. मी नवा पुठ्ठा देऊ केला, तर तिने नको म्हणून मान हलवली. तिला तोच हवा होता. मी समजावलं की पोस्टर कलरवर ओला ब्रश लागला की खालचा पांढरा सुटतो, निळ्यात मिसळतो, डाग राहतो.

"मारते," ती म्हणाली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शाळा सुटली की ती आली. रोज एक हात. मी समोर बसून राहिले, हात मांडीवर, आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. पहिल्या दिवशी पांढरा खरंच सुटला आणि मधे दुधाळ घाण झाली. एक कोरडा कपडा, एक जाड ब्रश, मी दोन मिनिटांत सावरलं असतं. तिने ते वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी येऊन वरून मारलं, तिसऱ्या दिवशी परत. शुक्रवारी लूम बंद, खोलीत ब्रशचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. शेवटी निळा बऱ्यापैकी एकसारखा झाला, पण उजेडात तिरका धरला की कबुतराचे पंख अजून दिसत होते.

शनिवारी दुपारी फादर वही आणि पेन घेऊन वर्गात बसले. मुलं एकेक करून चित्र घेऊन समोर जात होती. मी मागच्या बाकावर. शिफ्टवाला मुलगा चित्र दाखवायच्या आधीच म्हणाला की फादर, शिफ्ट नाही, तिघंही कायम ड्युटीवर. फादर चक्क हसले आणि त्यांनी त्याचं नाव वहीत लिहिलं. आठ जण झाले. ती पुठ्ठा छातीशी धरून उभी राहिली, मग तो टेबलावर ठेवला. मुलं कुजबुजली. निळ्या पुठ्ठ्यावर काही नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

"यात पिता कुठे आहे?" फादरांनी विचारलं.

"सगळीकडं."

"आणि पुत्र?"

"सगळीकडं."

"मग पवित्र आत्मा?"

"तोही. तीन हात हायेत. रंग एकच."

मला उठून सांगावंसं वाटत होतं की फादर, हात म्हणजे काय ते, पण मी ओठ दातांखाली दाबून बसले. फादरांनी पुठ्ठा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, डाव्या कडेच्या तीन पट्ट्या बघितल्या, मग खिडकीतून मागच्या दाराकडे पाहिलं. त्यांना समजलं. मग त्यांनी पुठ्ठा जरा तिरका केला आणि विचारलं, हा आत पक्षी कसला?

"तो टीचरचा हाय," ती म्हणाली.

माझे कान तापले. फादरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पण परीक्षा संपली नव्हती. मला ज्याची भीती होती तेच त्यांनी विचारलं. पहिला हात आधी बसतो, तिसरा शेवटी. म्हणजे पिता आधी होता, पुत्र मागून आला आणि आत्मा त्याच्याही नंतर, असं आहे का? प्रश्न रास्त होता. मी याला काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे तिघांत आधी-नंतर कोणी नाही, आणि रंगाच्या हातांत आधी-नंतर असतंच.

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं. ओठ मिटले. या वेळी शब्द अडला होता की ती विचार करत होती, मला मागून कळेना. फादरांची नजर सवयीने मनगटाकडे गेली. शेजारची खटखट चालू होती. मग ती म्हणाली, एका दमात, कुठेही न अडखळता:

"मला वेळ लागतो, फादर. देवाला न्हाय लागत."

ती रंगाबद्दल बोलली की कशाबद्दल, ते मी तिला नंतरही विचारलं नाही. फादरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, चला, सगळे उभे राहा, क्रुसाची खूण करू. नेहमी तेच मोठ्याने सुरुवात करतात आणि मुलं मागून म्हणतात. त्या दिवशी त्यांनी बोटं कपाळाला लावली आणि तिच्याकडे बघितलं.

तिनेही बोटं कपाळाला लावली. डोळे मिटले, मानेची शीर फुगली. फादरांचा हात कपाळावरच. शिफ्टवाल्याचा हात कपाळावर, सगळ्या मुलांचे, माझाही. कोणी हसलं नाही. कोणी तिच्यासाठी शब्द पुरा केला नाही. मग ‘पित्याच्या’ आला, आणि सगळे हात छातीवर उतरले आणि तिथे पुन्हा थांबले. पुत्रासाठी थांबले, मग खांद्यापाशी पवित्र आत्म्यासाठी थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात खांद्याला लागलेला, त्यामुळे पुसता येत नव्हतं. आमेन मात्र तिने सगळ्यांच्या आधी म्हटलं.

फादरांनी वहीत नववं नाव लिहिलं. त्या एका खुणेला किती मिनिटं लागली ते मला सांगता येणार नाही, कारण घड्याळ फक्त फादरांच्या हाताला होतं आणि त्यांनी ते पाहिलं नाही.